पन्नास खळग्यांचं ताट

आमच्या फ्रिजवर सेफ्टी शूजचं एक रिकामं खोकं ठेवलेलं असायचं. पप्पांनी त्याला जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून चिकटवला होता, झाकणाला ब्लेडनं एक चीर पाडली होती आणि समोर मार्करनं लिहिलं होतं, ‘विचार करा, लिहा, टाका.’ खोक्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन बाजूला लोंबायचं. फ्रिजचं दार उघडलं की ते पेन दारात अडकायचं आणि मम्मी दर वेळी तेच म्हणायची, “आधी ह्या पेनावर विचार करा म्हणावं कुणीतरी.” पप्पा हसायचे. पेन तिथंच राहिलं. आता एवढ्या वर्षांनी मला वाटतं, त्या घरात काय चाललं होतं ते सगळं त्या पेनात होतं. पण तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते आणि मला ते खोकं फार आवडायचं. त्याच्याशी बोलावं लागत नसे. लिहून टाकलं की झालं.

मी बोलत नव्हते. मुकी नव्हते, पण शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर माहीत असूनही मी खाली बघून वहीची कड दुमडत बसायचे. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं मराठीत बोललं की डायरीत शेरा मिळे, आणि इंग्रजीत बोलताना चुकलं की मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येई. मग मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. प्रत्येक वर्षीच्या प्रगतिपुस्तकात एकच ओळ असायची, मुलगी हुशार आहे पण पुढे येत नाही. पप्पांना ही ओळ फार लागायची. ते स्वतः खेड तालुक्यातल्या गावातून आयटीआय करून चाकणच्या कंपनीत लागले होते आणि वीस वर्षांत सुपरवायझरच्या पुढं गेले नव्हते. गाड्यांना लागणारे रबराचे पार्ट बनवणारी कंपनी होती ती. पप्पा क्वालिटीत. अंगाला कायम रबराचा जळका वास, आणि खिशाला चार रंगांची पेनं.

त्यांच्या कंपनीत एकदा बाहेरून कुणीतरी ट्रेनर आले आणि दोन दिवस सगळ्या सुपरवायझरांना ‘क्रिएटिव्ह थिंकिंग’ शिकवून गेले. पप्पा घरी आले ते झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन. जेवताना म्हणाले, “मुलांना उत्तरं द्यायची नाहीत. प्रश्न द्यायचे. आपण उत्तरं देऊन देऊन त्यांचं डोकं बंद करतो.” मम्मी म्हणाली, “मग आजपासून ती ‘मम्मी, माझे सॉक्स कुठायत’ म्हणाली की मी काय म्हणू?” पप्पा गंभीरपणे म्हणाले, “तिलाच विचारायचं, कुठं असतील असं तुला वाटतं?” मम्मीनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, “तुमच्या डब्याचं पण उद्या असंच विचारते.”

तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी सकाळी मीटिंग सुरू झाली. आम्ही भोसरीत राहायचो, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मागच्या गल्लीत एक वर्कशॉप होतं, त्यातला पॉवर प्रेस रविवारीसुद्धा चालू असायचा. ठप्प, ठप्प, ठप्प. त्या ठोक्यांवर आमच्या कपाटातले पेले हलकेच वाजायचे. मम्मी मागे कांदा चिरत असायची, कुकरमध्ये मटण शिजत असायचं, आणि पप्पा भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचे. विटेचे वीस उपयोग सांग. पंख्याला पाय असते तर काय झालं असतं? घरातली एक वस्तू निवड आणि तिच्यातलं काहीतरी काढून टाक. आता ती कशी चालेल? मी वहीत लिहायचे, पप्पा मोठ्यानं वाचायचे. आठ उपयोगांवर मी थांबले की ते म्हणायचे, “अजून. डोक्यात पहिल्यांदा येतं ते सगळ्यांच्याच येतं. दहाच्या पुढं आपलं सुरू होतं.” हे खरं होतं. अजूनही खरं आहे. आज मी तळवड्याला ज्या ऑफिसात बसते तिथं लोक मला ‘वेगळा विचार करणारी’ म्हणतात, आणि त्या शब्दांच्या पाठीमागे मला कुकरची शिट्टी आणि प्रेसचे ठोके ऐकू येतात. माझ्या बापानं मला खरंच विचार करायला शिकवलं. त्याबद्दलचा राग मी कुठं ठेवू, हे मात्र त्यांनी शिकवलं नाही.

त्यांचा आवडता खेळ होता ‘पाच का’. काहीही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्याला खरं कारण सापडतं, असं ट्रेनरांनी सांगितलं होतं. एका रविवारी दूध उतू गेलं. पप्पा फळ्यापाशी उभे राहिले. दूध का उतू गेलं? गॅस मोठा होता. गॅस का मोठा होता? लवकर तापवायचं होतं. का? चहा, पोहे आणि कुकर एकदम करायचा होता. का? कारण मीटिंग दहाला आहे आणि सगळं आधी आवरायचं असतं. का? मम्मी ओट्यावरचं दूध फडक्यानं टिपत होती. मागे न बघता म्हणाली, “कारण मी एकटी आहे.” पप्पांनी फळ्यावर लिहिलं, ‘मनुष्यबळ अपुरे.’ आम्ही तिघंही हसलो. मम्मीसुद्धा हसली. पुढच्या आठवड्यात खोक्यातून एक चिठ्ठी निघाली, मम्मीच्या अक्षरात: ‘मला पण रविवार पाहिजे.’ पप्पांनी ती वाचली, उलटी करून बघितली आणि म्हणाले, “फॉर्म भरलेला नाही. समस्या, कारण, उपाय, फायदा, चारी रकाने पाहिजेत.” चिठ्ठी त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवली. नंतर ती कपाच्या बुडाला चिकटून मोरीत गेली.

आमच्या खालच्या खोलीत कलामावशी राहायच्या. त्या लातूरकडच्या, औशाच्या पुढच्या कुठल्याशा गावच्या. नवरा गेल्यावर दोन मुलींना आईपाशी ठेवून इकडे आल्या होत्या. पप्पांनीच त्यांना कंपनीत लावलं होतं, ठेकेदाराकडून, पॅकिंगला. पहिल्या शिफ्टला जायच्या, तीन-साडेतीनला परत यायच्या. मी शाळेतून आले की दप्तर वर टाकून खाली पळायचे. मावशींच्या खोलीत एक पंखा, एक गॅस, एक ट्रंक आणि फळीवर घासूनपुसून उभी केलेली भांडी. तिथं मला कुणी ‘बोल ना गं’ म्हणत नसे. मावशीच बोलायच्या. “आलीस का? काय करू लालीस तिथं दारात, ये की.” मग त्या ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा चुरा करून, त्यावर तेल, तिखट आणि कच्चा कांदा घालून वाटीत द्यायच्या. मी खायचे आणि हळूहळू माझं तोंड सुटायचं. शाळेत दिवसभर न बोललेलं सगळं मी तिथं बोलायचे. त्यांच्यासारखं ‘लई’ आणि ‘कामून’ बोलायचे. वर गेले की पुन्हा गप्प.

त्यांचं एकच सांगणं असायचं. जूनमध्ये मोठीला, सारिकाला, इकडे आणायचं. नगरपालिकेच्या शाळेत घालायचं. “तू हाईसच तिला शिकवायला. तिला बी इंग्लिश शिकव बग.” त्यांनी सारिकासाठी एक दप्तर आधीच घेऊन ट्रंकेत ठेवलं होतं. कामाचं कार्ड दर सात महिन्यांनी संपायचं, मग ठेकेदार पंधरा-वीस दिवसांचा ‘ब्रेक’ द्यायचा आणि पुन्हा बोलवायचा. तीन ब्रेक झाले होते, तिन्ही वेळा परत बोलावलं होतं. “चौथ्याच्या आत पोरगी आणते,” त्या म्हणायच्या.

त्यांचं काम मोजायचं होतं. नखाएवढे जाड रबरी वॉशर, एका पिशवीत पन्नास. वजनावर मोजून चालत नसे, कारण रबराचं वजन थोडं कमीजास्त व्हायचं आणि काटा फसायचा. पुढच्या कंपनीत पिशवी उघडली की एकोणपन्नास निघायचे आणि तक्रार यायची. म्हणून टेबलाभोवती सहा बायका बसून हातानं मोजायच्या. मोजताना बोलायचं नाही, असा नियम. मावशींना तोच जाच वाटायचा. “आट तास मुक्यावानी बसायचं. बोललं की आकडा चुकतो, आकडा चुकला की लाइनवाला वराडतो. घरी आले तरी डोक्यात पन्नास, पन्नास, पन्नास.” एकदा म्हणाल्या, “तुला बरंय, तुला गप बसायची सवय हाय. मला न्हाई बाई.” मला हे फार लागलं. गप्प बसणं म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. मी त्या रविवारी फॉर्म भरायला घेतला. समस्या: मावशींना कामावर बोलता येत नाही.

कल्पना मला मम्मीच्या आप्पेपात्रामुळं सुचली. मी वाटाणे सोलत होते आणि काही वाटाणे घरंगळत जाऊन पात्राच्या खळग्यांत बसले. पात्र कलतं केल्यावर बाकीचे खाली पडले. एका खळग्यात एकच राहील एवढा लहान खळगा असेल तर? आणि असे पन्नास खळगे असतील तर? मी धावत खाली गेले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि फळीवरचं एक स्टीलचं ताट काढून दिलं. आधी मी त्यात शाळेतून आणलेली शाडूची माती थापली आणि वॉशर दाबून खळगे पाडले. वॉशर पप्पांनी रिजेक्टमधले आणून दिले होते. गेटवर बायकांच्या पिशव्या उलट्या करून बघत. पप्पांची बॅग कुणी उघडत नसे. माती वाळली आणि तडकली. मी रडकुंडीला आले. मावशी म्हणाल्या, “माती कशाला? आमच्याकडं कागदाचा लगदा करत्यात. जुने कागद भिजवायचे, मेथ्या भिजवून वाटायच्या, दोन्ही कुटून एक करायचं. टोपलीला लावलं की टोपली दगडावानी होती. मेथीनं चिकटतं अन् कीड बी लागत न्हाई.” त्यांनी पाट्यावर मेथ्या वाटल्या. मी माझ्या जुन्या इंग्रजीच्या वह्या फाडून भिजवल्या. ताट काठोकाठ भरलं, पाच ओळी, ओळीत दहा, पन्नास वॉशर दाबले, आणि गच्चीवर चार दिवस वाळवलं. मग मूठभर वॉशर वर ओतून ताट हळू हलवलं, कलतं केलं. जास्तीचे घसरून परातीत पडले. पन्नास राहिले. मोजावे लागलेच नाहीत.

मावशी ताट हलवत होत्या आणि हलवता हलवता मला त्यांच्या गावच्या जत्रेची गोष्ट सांगत होत्या. मधेच थांबल्या. “अगं, मी बोलू लाले की!” त्या एवढ्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. माझ्या आयुष्यात मी काही केलं आणि त्यानं कुणाला आनंद झाला, असं ते पहिलंच होतं. लगदा थापण्याआधी मी ताटाच्या मागे कोरलेलं नाव बोट फिरवून वाचलं होतं. बारीक ठिपक्यांनी लिहिलं होतं, ‘चि. सौ. कां. चंद्रकला हिस भावाकडून लग्नाची भेट’. तोवर मला त्यांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं.

रविवारी मी ताट वर नेलं. पप्पा ते घेऊन खाली बसले. पुन्हा पुन्हा वॉशर ओतत होते, ताट कलतं करत होते. मग त्यांनी मला जवळ घेतलं. ते असं सहसा करत नसत. “मनू, ही आयडिया कंपनीत द्यायची,” ते म्हणाले. मला वाटलं, मावशींना आता रोज बोलता येईल. फॉर्म पप्पांनी भरला, कंपनीचा छापील. समस्येच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मोजणीस लागणारा वेळ’. मी म्हटलं, “बोलायचं नाही लिहिलं?” ते म्हणाले, “ते आतच आलं.” सादर करणाऱ्याच्या नावापुढे त्यांचं नाव होतं. फॉर्म फक्त कामगारांसाठी असतो, हे मला पटलं. टीमच्या रकान्यात रेघ मारली होती.

महिन्याभरात तशाच खळग्यांच्या ॲल्युमिनियमच्या पाट्या तयार होऊन टेबलावर आल्या. मग कंपनीचा फॅमिली डे जवळ आला आणि वरच्या ऑफिसातून कुणी परदेशी साहेब येणार असल्याचं कळलं. पप्पांची आयडिया वर्षातली सर्वांत चांगली म्हणून निवडली गेली होती. ती स्टेजवर इंग्रजीत मांडायची होती. पप्पांना इंग्रजी वाचता यायचं, बोलताना घाम फुटायचा. ते म्हणाले, “तूच बोल. साहेबांना पण आवडेल, मुलीनं वडिलांना मदत केली.” तीन आठवडे त्यांनी माझ्याकडून भाषण घोकून घेतलं. आरशासमोर, गच्चीवर, स्कूटरवर मागे बसवून. प्रेसच्या ठोक्यांवर. त्यात शेवटी एक वाक्य होतं: पूर्वी ह्या कामाला सहा ऑपरेटर लागत होते, आता दोन लागतात.

मी विचारलं होतं. हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. मी एवढी अजाण नव्हते. गच्चीवर, दोरीवरच्या कपड्यांमधून मी विचारलं होतं, “पप्पा, बाकीच्या चार जणी काय करणार?” ते म्हणाले, “दुसऱ्या लाइनला घेतात गं.” मी म्हटलं, “का?” ते म्हणाले, “काम असतंच कंपनीत. तू वाक्य म्हण.” मला पाच वेळा विचारायला शिकवलं होतं. मी एकदाच विचारलं आणि वाक्य म्हटलं. कारण तोवर ते भाषण मला येऊ लागलं होतं. माझा आवाज मला आवडू लागला होता.

फॅमिली डेला कंपनीच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. पुढे सोफे, मग खुर्च्या, आणि मागे सतरंजीवर ठेक्यावरच्या बायका. मावशी हिरवी साडी नेसून आल्या होत्या. मी स्टेजवर गेले आणि बोलले. एकही चूक झाली नाही.  पडद्यावर चित्र आलं, सहा छोट्या बाहुल्या, आणि मग त्यांतल्या चारांवर लाल फुल्या. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मागच्या सतरंजीवरच्यांनीही वाजवल्या. भाषण इंग्रजीत होतं. त्यांना कळत होतं ते एवढंच, की ही आपल्यातल्या कलाबाईच्या वरच्या मजल्यावरची पोरगी. फुल्या त्यांनी पाहिल्या की नाही, मला माहीत नाही. आमचं मूळचं ताट लाल कापडावर ठेवलं होतं. पप्पांना बक्षीस मिळालं, सहा ताटांचा डिनर सेट.

जेवणाच्या रांगेत मावशी मला शोधत आल्या. बरोबरच्या बायकांना सांगत होत्या, “आमच्या खोलीत केलं हो ते. माझ्या पाट्यावर.” मग वाकून, माझ्या कानाशी, जरा लाजत त्यांनी विचारलं, “मेथीचं सांगितलंस ना गं त्यांना?”

भाषणात मेथी कुठंच नव्हती. मी म्हटलं, “हो.”

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

पुढच्याच महिन्यात त्यांचं कार्ड संपलं. ब्रेक मिळाला. चार जणींना एकदमच मिळाला. मावशी म्हणाल्या, “बरं झालं, गावी जाऊन पोरीला बगून येते.” जाऊन आल्या, येताना शेंगा आणल्या. वीस दिवस झाले, महिना झाला, बोलावणं आलं नाही. त्या शेअर रिक्षानं चाकणला गेल्या आणि गेटवरून परत आल्या. तीन वेळा गेल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्याकडे वर आल्या. त्या कधी वर येत नसत. दारातच उभ्या राहिल्या. “भाऊ, तुमी एक शब्द टाका. मी झाडू मारायला बी तयार हाय. जूनला पोरगी येणार हाय.” पप्पा टीव्हीकडे बघत होते. “ठेकेदाराचं आहे ते, मावशी. माझ्या हातात काही नाही.” मावशी म्हणाल्या, “लावताना होतं की.” पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. मी अभ्यासाच्या टेबलापाशी होते. मला वाटत होतं, त्या माझ्याकडे बघतील. बघितलं नाही. ते ताट आणि आपलं काम जाणं त्यांनी जोडलं होतं की नव्हतं, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं नाही.

त्या रात्री मम्मीनं पप्पांची कंपनीची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली.  त्या फाइलमध्ये प्रत्येक महिन्याचे दोन फॉर्म होते. महिन्याला दोन सुधारणा सुचवणं प्रत्येक सुपरवायझरला सक्तीचं होतं, आणि प्रमोशन त्यावर होतं. मी एकेक फॉर्म वाचत गेले. नळाला बांधायची रंगीत दोरी. झाकणाला दोरी लावून झाकण न हरवणं. बरण्यांच्या मागे चित्र लावून कुठली जागा कुणाची ते ओळखणं. माझे रविवार होते सगळे. व्यवस्थित अक्षरात, कंपनीच्या भाषेत. मम्मी म्हणाली, “तुला शिकवत होते ना? शिक.”

मावशी मे महिन्यातच गेल्या. ट्रंक उचलायला मम्मी खाली गेली होती. मावशींनी एवढंच मागितलं, “माझं ताट तेवढं आणून द्या. भावानं दिल्यालं हाय.” भाऊ त्यांचा नंतर वारला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. पण ताट कंपनीत काचेच्या कपाटात लावलं होतं, पप्पांच्या नावाच्या पट्टीसकट. पप्पा म्हणाले, ऑडिट चालू आहे, आत्ता काढता येणार नाही. मग जरा विचार करून म्हणाले, “ह्या डिनर सेटमधलं एक देऊ की.” मम्मीनं त्यांच्याकडे बघितलं. तिनं डिनर सेटचं खोकं उचललं आणि माळ्यावर टाकलं. ते आमच्या घरात कधीच उघडलं गेलं नाही. मावशी ताटाशिवाय गेल्या. सारिकाचं दप्तर त्यांच्या खांद्याला होतं. मला म्हणाल्या, “अभ्यास कर. बोलत जा.” त्याच दिवशी मी फ्रिजवरचं खोकं काढून त्यात माझे जुने बूट ठेवले. पप्पांनी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते असिस्टंट मॅनेजर झाले.

आता ते निवृत्त झाले आहेत आणि मोशीच्या फ्लॅटमध्ये राहतात. निरोप देताना कंपनीनं त्यांना ते ताट फ्रेम करून दिलं. हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलेलं आहे. गेल्या महिन्यात माझी मुलगी, सहा वर्षांची, तिथं होती आणि मी तिला आणायला गेले तर टीपॉयवर एक खोकं होतं, झाकणाला चीर पाडलेलं. पप्पा म्हणाले, “हल्ली सगळी मुलं मोबाइलवर. घरच्या घरी डोकं चालवायला शिकवलं पाहिजे. तुला नाही का शिकवलं?” मुलगी सोफ्यावर उभी राहून फ्रेमकडे बघत होती. पप्पा तिला सांगत होते, तुझ्या आईनं केलंय हे, तुझ्याहून थोडी मोठी होती. मी चपला न काढता आत गेले, फ्रेम भिंतीवरून उतरवली, आणि स्वयंपाकघरातल्या सुरीनं मागचे खिळे उचकटले. पप्पा “अगं, अगं” करत राहिले. मम्मी दारात उभी होती. ती मधे पडली नाही. प्लायवूड निघाल्यावर ताटाची पाठ दिसली.

मी नाव वाचून दाखवलं. मुलीनं विचारलं, “ह्या कोण?” पप्पा म्हणाले, “होत्या एक मावशी. आपल्या खाली राहायच्या.” “मग त्यांचं ताट आपल्याकडे का?” पप्पा म्हणाले, “त्या गावी गेल्या.” “का?” “काम संपलं त्यांचं.” “का संपलं?” पप्पा उठले आणि पाणी प्यायला आत गेले. तीनच झाले होते.

ताट सध्या माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. लगदा अजून दगडासारखा आहे. कीड लागलेली नाही. औशाच्या पुढं कुठलं गाव, ते मी मम्मीला विचारलं आणि तिनं लगेच सांगितलं. तिला एवढी वर्षं ते नाव पाठ होतं. इथून सकाळी निघालं तर दुपारी पोचता येतं, रस्ता चांगला झाला आहे असं म्हणतात. दोनदा रजाही टाकली आणि दोन्ही वेळा रद्द केली. मावशी रागावतील अशी भीती मला वाटत नाही. त्या मला ओळखतील, आत घेतील, भाकरीचा चुरा पुढं करतील. ताट हातात घेऊन उलटं करतील, नावावरून बोट फिरवतील, लगद्याला नाक लावून मेथीचा वास येतो का बघतील, आणि मग पहिली गोष्ट काय विचारतील ते मला माहीत आहे.